सरकीच्या पोटातला हिशेब



"हायब्रीडचं बी घरी धरलं तर का चालत नाही?" कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात बैठक कुठेही घ्या, हा प्रश्न निघाल्याशिवाय राहत नाही. उत्तरे तीन मिळतात. कृषी सेवा केंद्राचा मालक म्हणतो, "कंपनीचं बी एकदाच चालतं, दरसाल नवीन घ्यावं लागतं." का, ते तो सांगत नाही. त्यालाही ठाऊक नसते आणि ठाऊक नसल्याने त्याचे काही अडतही नाही. दुसरे उत्तर भाषणे करणाऱ्यांचे. त्यांच्या मते कंपन्यांनी बी मुद्दाम वांझ करून ठेवले आहे. तिसरे उत्तर जुन्या माणसांचे : "बी फिरतं, बाबा. पुढच्या साली मूळ पदावर जातं."

पहिले उत्तर आळशी आहे. दुसरे साफ चुकीचे आहे. तिसऱ्यात बरेच खरे दडलेले आहे आणि ते उलगडण्यासाठीच हा लेख आहे. यात थोडे अंकगणित येईल. पण व्यापाऱ्याने काट्यावर मारलेली कडती ज्याला तोंडी काढता येते, त्याला हे अंकगणित जड जाणार नाही.

वांझ बियाण्याची गोष्ट आधी निकालात काढू. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेतील डेल्टा अँड पाइन लँड ही कापूस बियाण्याची कंपनी आणि तिथले कृषी खाते यांना मिळून एका तंत्राचे पेटंट मिळाले. त्या तंत्राने तयार झालेले बी पुढच्या पिढीत उगवू नये, अशी ती योजना होती. 'टर्मिनेटर' हे नाव तिला लोकांनी दिले. त्यावरून इतका गहजब झाला की त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्नाटकात बीटी कापसाचे चाचणीचे प्लॉट उपटून जाळले गेले. प्रत्यक्षात हे तंत्र जगात कुठेही बाजारात आले नाही. आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने तर तसल्या वाणाच्या नोंदणीलाच मनाई केली आहे. तेव्हा पाकिटातून आणलेल्या कापसाची सरकी तुम्ही धरून ठेवली तर ती उगवते. खुशाल उगवते. घोटाळा होतो तो उगवून जे निघते त्यात.

त्याचे कारण दीडशे वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या पोराने शोधून ठेवले आहे. ग्रेगोर मेंडेल हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातला. बाप जमीनदाराच्या शेतावर वेठीचे दिवस भरणारा कुळवाडी. शिकायला पैसा नाही म्हणून पोरगा ब्रुन गावच्या मठात गेला. हे गाव आज चेक देशात आहे आणि त्याला ब्रनो म्हणतात. मठाच्या परसात त्याने १८५६ पासून सात-आठ वर्षे वाटाणा लावला. पिवळ्या दाण्याच्या वाटाण्याचा हिरव्या दाण्याच्या वाटाण्याशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे निघाले, हिरवा औषधालाही नाही. ते पिवळे दाणे पेरून त्यांच्या शेंगा सोलल्या, तर एकूण ८०२३ दाण्यांत ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे. चाराला एक! जो रंग नाहीसा झाला असे वाटले होते तो नातवंडात जसाच्या तसा परत आला, फिका नाही की मिसळलेला नाही.

तोवर विद्वानांचा समज असा होता, की आई-बापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात. दुधात मिसळलेले पाणी परत काढता येत नाही. मेंडेलचे दाणे सांगत होते, की गुण मिसळतात ते ज्वारीत मूग मिसळावा तसे. सुपात घेतले की पुन्हा वेगळे निवडता येतात. हे त्याने १८६५ मध्ये गावच्या विज्ञान मंडळापुढे वाचले, १८६६ मध्ये छापले. पुढे चौतीस वर्षे कुणी ढुंकून पाहिले नाही. १९०० मध्ये तीन देशांतल्या तीन शास्त्रज्ञांना त्याच मुक्कामाला पोचल्यावर कळले, की हे सगळे आधीच सांगून झालेले आहे. सांगणारा तोवर मरून सोळा वर्षे झाली होती.

आता कल्पना करा, की प्रत्येक गुणासाठी झाडाजवळ दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पराग किंवा बीजांड तयार होताना त्या दोनांतली एकच चिठ्ठी पुढे जाते. कोणती, तो नुसता छापा-काटा. दोन चिठ्ठ्या वेगळ्या असल्या तर बहुधा एक वरचढ ठरते, दुसरी दबून राहते. दबलेली म्हणजे मेलेली नव्हे. पुढच्या पिढीत दोन दबलेल्या एकत्र आल्या की ती उघडी पडते. पुस्तकात वरचढला 'प्रभावी' आणि दबलेल्याला 'अप्रभावी' म्हणतात. चिठ्ठीला 'जनुक' म्हणतात. जोहान्सन नावाच्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये 'जीन' हा शब्द काढला, त्याचे हे मराठी रूप. ही जनुके गुणसूत्र नावाच्या धाग्यांवर ओवलेली असतात. ज्वारीत या धाग्यांच्या १० जोड्या, आपल्या देशी कापसात १३ आणि अमेरिकन कापसात २६. देशी पऱ्हाटीचा पराग मधमाशीने शेजारच्या अमेरिकन कापसावर नेला तरी सहसा काही बिघडत नाही, त्याचे कारण हेच. १३ आणि २६ यांची जोडी जुळत नाही, झालीच संतती तर ती वांझ होते. खरी वांझ संतती हवी असेल तर ती ही, आणि तिचे पेटंट निसर्गाकडे आहे.

जाता जाता एक. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत आणि मुलगा की मुलगी, हे तेविसाव्या जोडीवर ठरते. आईजवळ त्या जोडीत दोन्ही एक्स असतात. बापाजवळ एक एक्स, एक वाय. आई नेहमी एक्सच देणार. वाय गेला तर मुलगा होतो आणि तो देणे फक्त बापाच्या हाती. खरे तर त्याच्याही हाती नाही, छापा-काट्याच्या. तरीही पोरी झाल्या म्हणून सुनेला माहेरी धाडणारी घरे आपल्यात अजून आहेत. सासूबाईंना हे गणित बैठकीतल्या बायांनी समजावून सांगावे. आमचे कोण ऐकतो!

पुन्हा कापसाकडे येऊ. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी गुजरात-६७ या वाणावर अमेरिकन नेक्टारिलेस या वाणाचा पराग टाकून एच-४ काढला. व्यापारी लागवडीसाठी आलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. दोन लांबच्या घराण्यांचा संकर झाला की पहिल्या पिढीच्या अंगात विलक्षण जोम येतो. एकाच्या दबलेल्या उणिवा दुसऱ्याच्या वरचढ चिठ्ठ्यांखाली झाकल्या जातात. शिवाय पाकिटातले प्रत्येक बी जुळ्या भावंडासारखे : प्रत्येकात आईची एक चिठ्ठी, बापाची एक. म्हणून शेत एकसारखे दिसते, बोंडे एकदम फुटतात, धागा एका लांबीचा मिळतो.

या एकसारख्या पिकाच्या बोंडात जी सरकी तयार होते ती मात्र दुसरी पिढी. मेंडेलचे हिरवे दाणे जसे बाहेर पडले, तसे झाकलेले सगळे आता बाहेर पडते. आणि इथे एका रंगाचा प्रश्न नाही. उंची, बोंडाचा आकार, धाग्याची लांबी, पिकाचा कालावधी, रोगाला तोंड देण्याची ताकद, अशा शेकडो जागी आई-बापांच्या चिठ्ठ्या वेगळ्या होत्या. प्रत्येक जागी नवा छापा-काटा. म्हणून त्या सरकीचे शेत म्हणजे बारा गावचे बारा. जोमाचा हिशेब तर आणखी सरळ आहे. झाड स्वतःच्याच परागाने फळले, तर ज्या जागी दोन चिठ्ठ्या वेगळ्या होत्या त्यातल्या निम्म्या जागी पुढच्या पिढीत त्या सारख्या होतात. शंभराच्या पन्नास, पन्नासाच्या पंचवीस, मग साडेबारा. वेगळेपणावर उभा असलेला जोम त्याच पायऱ्यांनी खाली येतो. "बी मूळ पदावर जातं" असे म्हातारे म्हणतात ते हे.

पण हाच हिशेब उलट्या बाजूने वाचा. सहा पिढ्या असेच चालू दिले, तर शंभरातल्या दीडच जागा वेगळ्या उरतात. बाकी सगळीकडे दोन्ही चिठ्ठ्या सारख्या. मग छापा पडो की काटा, संततीत तेच येणार. याला म्हणतात सरळ वाण. रब्बीची मालदांडी हा त्याचा घरचा दाखला. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण १९३० च्या दशकातला. तेव्हापासून शेतकरी त्याचे बी घरचे घरी धरत आले आणि तो अजून रब्बीच्या रानात उभा आहे. त्यासाठी कुणा कंपनीची मेहरबानी लागली नाही. कारण त्याच्या पोटात बदलण्यासारखे फारसे काही शिल्लकच नाही.

खरिपाच्या हायब्रीड ज्वारीची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि वांझ बियाण्याची अफवा आपल्याकडे इतकी पटकन का पटली तेही तिच्यात सापडते. कापसाचे फूल मोठे असते. संध्याकाळी कळीतले पुंकेसर नखाने खरवडून काढायचे, सकाळी बापाचा पराग लावायचा, असे हाताने जमते. बियाणे-प्लॉटवर हे काम बाया-पोरीच करतात आणि त्यांच्या मजुरीचा हिशेब हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. ज्वारीच्या कणसात मात्र हजारो बारीक फुले. कुणाची नखे पुरणार? १९५४ मध्ये अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी यावर तोड काढली. मायलो जातीच्या आईच्या पेशीत काफिर जातीची गुणसूत्रे आणून बसवली, तर पराग तयारच होत नाही. ही नर-वांझ आई झाली. तिला असा बाप द्यायचा, की ज्याच्याजवळ पराग परत आणणारे जनुक आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या रानातले पीक पुन्हा फळते. १९६४ मध्ये आलेली सीएसएच-१ ही आपली पहिली संकरित ज्वारी याच रीतीने तयार झाली.

आता तिचे दाणे घरी धरले तर काय होईल? परागबंदीचा दोष आईच्या पेशीद्रवातून येतो, तो सगळ्याच्या सगळ्या संततीत उतरतो. त्यावरचा उतारा म्हणजे बापाचे जनुक. ते मात्र छापा-काट्यात सापडते. एकाच जनुकाचा मामला धरला तर चारातल्या एका झाडाला उतारा मिळत नाही. त्या कणसात पराग नाही. शेजारच्या ताटाचा पराग वाऱ्याने आला तर दाणा भरतो, न आला तर पोकळ कोंडा. न फळलेल्या फुलावर चिकटाही लवकर बसतो. शेतकऱ्याने ही पोकळ कणसे डोळ्यांनी पाहिली आणि कंपनीने बी वांझ केले असे तो म्हणाला, तर त्याला अडाणी म्हणू नका. त्याने पाहिले ते खरेच होते. त्याचे कारण त्याला सांगायची तसदी कुणी घेतली नाही, एवढेच.

याच सीएसएच-१ ची आई कोण होती, पाहा : सीके-६०, म्हणजे 'कम्बाइन काफिर'. कम्बाइन हे कापणी-मळणीच्या यंत्राचे नाव. यंत्राच्या पात्याला सोपे जावे म्हणून अमेरिकेत ज्वारी बुटकी केली गेली. उंची कमी करणारी चार जनुके तिथे शोधून काढली गेली. अमेरिकन शेतकऱ्याला ताटाशी काही कर्तव्य नव्हते. आमच्या शेतकऱ्याला दाण्याइतकाच कडबा हवा असतो. बैलजोडी कडब्यावर उभी राहते आणि दुष्काळी साली पेंडीचा भाव दाण्याच्या भावाला मागे टाकतो. नव्या ज्वारीचे उत्पन्न क्विंटलात मोजले गेले, कडबा हिशेबातच धरला गेला नाही. शेतकरी हायब्रीडबरोबर घरापुरती गावरानही पेरत राहिला, तेव्हा अहवालात त्याला 'परंपरावादी' म्हटले गेले. कोणते जनुक चांगले आणि कोणते वाईट, हे जनुकावर लिहिलेले नसते. ते घरधन्याच्या गरजेवर ठरते, आणि गरज विचारायला शेतावर यावे लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. हायब्रीडला सरसकट शिव्या देणाऱ्यांत आम्ही नाही. खरिपाच्या ज्वारीचे आणि ओलिताच्या कापसाचे उत्पन्न त्याने वाढवले, हे ज्यांनी पिकवले त्यांना माहीत आहे. गावरानाच्या नावाने गळा काढणाऱ्या शहरी मंडळींनी एक हंगाम तीन एकर कोरडवाहूवर काढून दाखवावा. आमचे म्हणणे इतकेच, की कोणत्या पिकात, कोणत्या रानात संकर हवा आणि कुठे सरळ वाण, ही निवड शेतकऱ्याची असावी. कापसात ती राहिली नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील हे कापसाचे मोठे देश सरळ वाण पेरतात. जवळजवळ सगळा कापूस संकरित असा मोठा देश आपलाच. त्या देशांत बीटीचे जनुक सरळ वाणात आले, आपल्याकडे मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली ती तीन संकरित वाणांना. सरळ वाणात ते आले असते तर दुसऱ्या वर्षी शेतकऱ्याने सरकी घरची धरली असती. संकरात आल्यामुळे दरसाल पाकीट. बियाण्यावर राखण ठेवायला कंपनीला पोलीस लागले नाहीत, मेंडेलचा नियमच राखण करीत बसला.

आणि आता लेखाच्या नावातली सरकी. कापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा.

२००६ मध्ये बीजी-२ आले. त्यात बोंडअळीला मारणारी दोन जनुके आहेत, क्राय १ एसी आणि क्राय २ एबी. समजा ही दोन्ही जनुके संकराच्या एकाच जनकाकडून आली. आपल्याकडच्या संकरांत रीत बहुधा तीच. मग शेतातल्या प्रत्येक झाडात दोन्ही आहेत. पान खाणारी अळी कुठेही चावली तरी विष मिळणारच. पण गुलाबी बोंडअळी पान खात नाही. ती बोंडात शिरते आणि सरकी खाते. सरकी ही तर पुढची पिढी! तिच्यात छापा-काटा होऊन गेलेला असतो. सोळा सरक्यांचा हिशेब मांडला तर नऊ सरक्यांत दोन्ही विषे, तिनांत फक्त पहिले, तिनांत फक्त दुसरे, आणि एका सरकीत काहीच नाही. एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या धरल्या तर त्यांतल्या एक-दोन अळीला बिनविषारी जेवण. बाकी काहींत अर्धा डोस. ढेकणांच्या घरात औषध अर्धेच फवारले, तर मरतात ते कच्चे. उरतात ते पक्के, आणि पुढची वीण त्यांची. बोंडाच्या आतच हा प्रकार चालू राहिला.

अळीलाही मेंडेल लागू आहे. विष पचवण्याचा गुण अळीत मुख्यतः दबलेल्या चिठ्ठीचा असतो. दोन्ही चिठ्ठ्या पचवणाऱ्या असतील तरच ती पूर्ण डोसातून वाचते. एकच असेल तर मरते. सुरुवातीला अशा दुहेरी अळ्या लाखांत एखादी. म्हणून योजना अशी होती, की बीटीभोवती साध्या कापसाच्या काही ओळी लावाव्या. तिथे साधे पतंग तयार होतील, त्या दुर्मीळ पचवणाऱ्या पतंगाशी जुळतील, आणि त्यांची पिल्ले एकेरी चिठ्ठीची निघून बीटीवर मरतील. कागदावर योजना उत्तम होती. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे साध्या बियाण्याचे पाकीट फुकट मिळायचे, ते यासाठी. त्या पाकिटाचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. बहुतेकांनी लावलेच नाही. कारण त्यांना सांगण्यात आले ते एवढेच, की "हे पण लावा". चार एकरवाल्याने आपल्या रानातला पाचवा हिस्सा अळीला का चारायचा, हे मेंडेलच्या भाषेत त्याला कुणीही सांगितले नाही. पुढे साधे बी त्याच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत आली.

व्हायचे ते झाले. २०१० मध्ये खुद्द मॉन्सँटोनेच जाहीर केले, की गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्याचीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याने बोंडे फोडून फोडून किडकी कवडी पाहिली. दोष एकट्या सरकीच्या गणिताचा नाही. संकरित कापूस पाच-सहा महिने उभा राहतो, फरदड घेतली तर त्याहून जास्त. म्हणजे अळीला थंडीभर घर मिळते. चार-साडेचार महिन्यांत आवरणारा, दाट पेरलेला सरळ वाण अळी वाढायच्या आत घरी येतो. हलक्या कोरडवाहू रानात पावसाची ओल जितके दिवस, तितकेच त्याचे आयुष्य. पण दाट पेरायला एकरी काही किलो सरकी लागते. २०२४ मध्ये बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा सरकारी कमाल भाव ८६४ रुपये होता. त्या भावाने किलोच्या किलो सरकी कुणाला परवडेल? दाट पेरणी आणि घरचे बी हे दोन मुद्दे एकमेकांपासून सुटे करताच येत नाहीत.

केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने पहिले जनुक असलेले सरळ बीटी वाण तयार केलेले आहेत. त्या एका जनुकाने गुलाबी अळी आता मरत नाही, हे खरे. हिरव्या अळीवर ते अजून उपयोगी आहे, आणि गुलाबीला चुकवण्याचे काम कमी कालावधीने करायचे आहे. वाण आहेत, बी मिळत नाही. महाबीज आणि कृषी विद्यापीठांनी त्याची पैदास का करू नये, याचे उत्तर जिल्हा बैठकीत अधिकाऱ्यांना बोलावून विचारावे. सोबत हेही विचारावे, की पाकिटावर कालावधी स्पष्ट का लिहीत नाहीत, आणि जनुके एका जनकाकडून आली की दोन्हींकडून, हे का सांगत नाहीत. दोन्हींकडून आली तर प्रत्येक सरकीत विष असते. शेतकऱ्याला ते समजणार नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला हा अंक द्यावा.

सुटे बी विकणाऱ्यांपासून सावध राहा. हायब्रीडची सरकी सोलून, रंग लावून, बिननावाच्या पाकिटात 'तणनाशकाचं बीटी' म्हणून विकली जाते. जनुक एका जनकाकडून आलेले असेल आणि हे बी दुसऱ्या पिढीचे असेल, तर तणनाशक फवारल्यावर चारातले एक झाड तणाबरोबरच जळणार. नव्या तंत्राची बंदी उठावी, हा मुद्दा वेगळा. बंदीच्या अंधारात शेतकऱ्याला कचरा विकला जातो आणि दाद मागायला पावतीही नसते, हे बंदीचेच फळ आहे.

ज्वारीचे, तुरीचे, सरळ वाणाच्या कापसाचे बी धरताना एक चूक सर्रास होते. मोठे कणीस दिसले की ते बियाण्याला. पण ते मोठे कशाने झाले? जोहान्सनने १९०३ मध्ये एकाच शुद्ध वाणाच्या घेवड्याचे जाड दाणे आणि बारीक दाणे वेगवेगळे पेरले. दोन्हींच्या पिकात दाण्याचे सरासरी वजन सारखेच आले. जाड दाणा जाड होता तो ओलाव्याने आणि जागेने. चिठ्ठी तीच होती. उकिरड्याच्या कडेचे, बांधावरचे, जिथे शेजारी विरळ आहे तिथले कणीस म्हणून धरू नका. ते जमिनीचे देणे आहे, पोराला मिळणार नाही. दाटीच्या मध्यातले, शेजाऱ्यांसारखीच ओल मिळून जे उजवे निघाले ते निवडा. तसेच उलट. दुष्काळाने खुरटलेल्या चांगल्या वाणाचे बी हलके पडले, तरी वाण बिघडत नाही. रशियात लायसेन्को नावाच्या सरकारी पंडिताने याच्या उलट शिकवले. बियाण्याला ऊन-थंडी दाखवून त्याचा वंश बदलतो, असे त्याचे म्हणणे. १९४८ मध्ये सरकारने त्याचे मत हेच अधिकृत विज्ञान ठरवले. जगभरच्या पिकांचे बी गोळा करणारा वाविलोव्ह त्याआधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मेला होता. हुकूम निघाले, गव्हाने ते वाचले नाहीत.

कायद्याचे दोन मुद्दे लक्षात असू द्या. २००१ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. ब्रँडचे नाव छापून विकता येत नाही, एवढीच मर्यादा. त्याच कलमात असेही आहे, की नोंदलेल्या वाणाने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिले नाही, तर शेतकरी भरपाई मागू शकतो. पावती आणि रिकामे पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

मालदांडी पेरणाऱ्यांनी या हंगामात एवढे करावे. कणसे हुरड्यात येण्याआधी शेताच्या मध्यातली, एका उंचीची, एकाच वेळी निसवलेली शे-दोनशे ताटे हेरून त्यांना सुतळी बांधावी. वेगळी दिसणारी ताटे आजूबाजूला असतील तर ती फुलोऱ्याआधीच कडब्यात घालावी. काढणीला सुतळीची कणसे आधी खुडून वेगळी वाळवावी, मळणी यंत्रात न टाकता काठीने झोडावी, आणि राख व कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवावी. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोड मोजावे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने हा मोडाचा आकडा आणि बांधलेल्या ताटांपैकी पाच कणसे बरोबर आणावी. दोन गावची कणसे शेजारी शेजारी ठेवून पाहायची आहेत.